नेटवर्क रॅक उभा करण्याआधी खोली कशी तयार करावी: महापेतल्या एका ऑफिससाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नवं ऑफिस होतंय. इंटिरिअरवाल्यानं दहा बाय आठची खोली सर्व्हर रूम म्हणून काढून दिली आहे. ४२ यूचा रॅक (यू म्हणजे रॅकमधला उंचीचा एक खण), दोन कोअर स्विच (सगळं नेटवर्क जिथे एकत्र येतं ते मुख्य स्विच), राउटर, फायरवॉल, दोन सर्व्हर आणि शेजारी बॅटऱ्यांसकट ६ केव्हीएचा यूपीएस, असा माल येत्या शनिवारी उतरणार आहे. उपकरणांबरोबर आलेल्या मॅन्युअलमध्ये सुरक्षिततेच्या सूचना पानंच्या पानं आहेत. त्यातल्या खरोखर महत्त्वाच्या कुठल्या आणि शनिवारच्या आत काय तपासायचं, हे तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. अर्थिंग मोजलेलं नसेल, स्लॅबवर किती वजन चालेल हे इंजिनिअरनं लिहून दिलेलं नसेल किंवा खोलीच्या छतातून पाण्याचा पाइप जात असेल, तर शनिवारची तारीख पुढे ढकला. रंगाचा शेवटचा हात, केबलचे टॅग, दारावरची पाटी हे सगळं नंतर होतं. वरच्या तीन गोष्टी मात्र रॅक चालू झाल्यावर दुरुस्त करायच्या तर अख्खं नेटवर्क बंद ठेवावं लागतं, आणि मग कुणीच ते करू देत नाही. चूक तशीच राहते आणि तिच्या शेजारी रोज माणसं काम करत राहतात.

अर्थिंगपासून सुरुवात करतो. मॅन्युअलमध्ये त्यावर दोन ओळी असतात आणि आपल्याकडे सगळ्यांत थातुरमातुर काम तिथेच होतं.

स्विच असो की सर्व्हर, त्याच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट (नॉइज) गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून थोडा करंट सतत अर्थच्या वायरीत जात असतो. ही बिघाडाची खूण नाही, उपकरणाची रचनाच तशी आहे. साध्या प्लगच्या उपकरणाला ३.५ मिलीअँपियरपर्यंत गळती मानकानुसार चालते. एका उपकरणाचं हे काही विशेष नाही. पण तुमच्या रॅकमध्ये स्विचना दोन-दोन, सर्व्हरना दोन-दोन आणि राउटर-फायरवॉलचे धरून दहा-बारा पॉवर सप्लाय होतील. सगळ्यांची गळती रॅकच्या एकाच अर्थ वायरीतून जाते. ती वायर कुठे तुटली किंवा सैल झाली, तर रॅकचा पत्रा साधारण ११० ते ११५ व्होल्टवर तरंगायला लागतो आणि सगळी गळती वाट बघत बसते ती एका हातानं रॅक आणि दुसऱ्या हातानं एसीचा किंवा केबल ट्रेचा पत्रा धरणाऱ्या माणसाची. ‘रॅकला हात लावला की झिणझिण्या येतात, स्टॅटिक असेल’ असं कुणी म्हणालं तर तिथेच काम थांबवा. आपल्या दमट हवेत स्टॅटिक एवढं सहज होत नाही. ते तुटलेलं अर्थिंगच असतं, असं धरून चाला.

म्हणूनच उपकरणावर ‘अर्थ आधी जोडा, शेवटी काढा’ असं लिहिलेलं असतं. पॉवर कॉर्डमधला अर्थ आहेच, पण मोठ्या स्विचच्या मागे अर्थिंगसाठी वेगळा स्क्रू किंवा दोन भोकांची जागा दिलेली असते. तिथे हिरव्या-पिवळ्या वायरीला क्रिंप केलेला, म्हणजे यंत्रानं दाबून बसवलेला लग (धातूचं टोक) बसवायचा. वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबायची नाही. रॅकच्या आत तांब्याची अर्थ पट्टी हवी, प्रत्येक उपकरण तिच्यावर वेगळं यायला हवं आणि पट्टीपासून खोलीच्या अर्थ बारपर्यंत सलग वायर हवी. रॅकला पावडर कोटिंग असतं, म्हणजे रंगातून वीज जातच नाही. जिथे लग बसतो तिथला रंग खरवडा किंवा दातेरी वॉशर घाला. दारं आणि बाजूचे पत्रेसुद्धा छोट्या वायरींनी फ्रेमला जोडलेले असावेत. रॅक जोडणारी मुलं घाईत या वायरी पिशवीतच ठेवून जातात, तेव्हा ती पिशवी उघडून बघा.

आता मोजणी. वायरमनला शेजारी उभं करून मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ, लोड चालू असताना, २-३ व्होल्टच्या आत. याहून जास्त आलं तर न्यूट्रल सैल आहे, वायर बारीक आहे किंवा फेजवरचं लोड असमान आहे. पण लोड चालू असूनही काटेकोर शून्य आलं, तर जास्त काळजी करा. कारण ‘न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज कमी करून द्या’ म्हटल्यावर काही जण सॉकेटच्या मागे किंवा डीबीमध्ये (विजेच्या वितरण पेटीत) न्यूट्रल आणि अर्थ सरळ एकमेकांना जोडून टाकतात. आकडा सुंदर येतो. पुढे कधी न्यूट्रल तुटला की लोडचा सगळा करंट अर्थमध्ये जातो, आणि अर्थ सैल असेल तर रॅकच्या पत्र्यावर फेज येतो. हे पकडायची पद्धत सोपी आहे. लोड चालू ठेवून खोलीच्या अर्थ वायरीभोवती क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) धरा. मिलीअँपियरमध्ये आकडा आला तर ठीक. अँपियरमध्ये आला तर न्यूट्रलचा करंट अर्थमधून परत जातोय, म्हणजे कुठेतरी दोन्ही जोडलेले आहेत. जिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनपासून पुरवठा वेगळा करणारा) आहे, तिथे त्याच्या आउटपुटला न्यूट्रल-अर्थ जोड एकदाच आणि मुद्दाम केलेला असतो. तो बरोबर आहे, तो काढू नका.

आता अर्थिंगच्या खड्ड्यांबद्दल, म्हणजे जिथे अर्थ वायर जमिनीत पुरतात त्या जागांबद्दल. उपकरणांचे पुरवठादार बहुतेकदा १ ओहमच्या खाली अर्थ मागतात. नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत हा आकडा सहज मिळतो, कारण माती ओली आणि खारी आहे. पण तीच माती जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी खाऊन टाकते. त्यामुळे इथे तांबं किंवा तांब्याचा मुलामा दिलेले रॉड घ्या आणि दर वर्षी मोजा. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी, पोखरण रोडच्या बाजूला उलट गत. खाली काळा पाषाण, मे महिन्यात खड्डा कोरडा ठणठणीत. तिथे ऑगस्टमध्ये घेतलेलं रीडिंग दाखवून कुणी बिल काढत असेल तर मान्य करू नका. मे महिन्यातलं रीडिंग मागा. महापे दोन्हींच्या मधोमध आहे, पारसिकच्या डोंगराला लागून. इमारतीचा खड्डा कुठे आहे त्यावर अवलंबून काहीही निघू शकतं, म्हणून मोजल्याशिवाय बोलू नये.

आणखी एक जुना गैरसमज. ‘आयटीसाठी वेगळं, स्वच्छ अर्थिंग’ म्हणून दोन नवे खड्डे खणतात आणि ते इमारतीच्या अर्थपासून पूर्ण वेगळे ठेवतात. वेगळे खड्डे जरूर घ्या, पण शेवटी सगळे एकमेकांना जोडलेले असलेच पाहिजेत. आयएस ३०४३ हे आपलं अर्थिंगचं मानक हेच सांगतं. जोडलेले नसतील तर जवळपास वीज पडल्यावर दोन अर्थांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक नेमका तुमच्या स्विचमध्ये भेटतो, कारण तिथे दोन्हीकडच्या केबल एकत्र येतात.

वीज आलीच आहे तर तीही संपवतो. मान्सूनपूर्व गडगडाटात जास्त नुकसान मेन लाइनमधून होतं असा समज आहे. मी जे पाहिलंय त्यात गच्चीवरून उतरलेली तांब्याची नेटवर्क केबल जास्त वेळा दोषी निघाली. गच्चीवर रेडिओ लिंक आहे, कंपाउंडला कॅमेरे आहेत, त्यांच्या केबल थेट कोअर स्विचमध्ये. अशा केबल फायबरवर आणा. ते जमत नसेल तर इमारतीत शिरण्याच्या जागी सर्ज प्रोटेक्टर लावून त्याला अर्थ करा. मेन पॅनेलला एक आणि खोलीच्या डीबीला दुसरा एसपीडी (सर्ज प्रोटेक्टरच) हवाच. एसपीडीच्या अर्थ वायरीला वेटोळी नकोत, ती जितकी आखूड तितकी कामाची.

न्यूट्रलचा धोका वेगळा सांगतो. ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या जुन्या गाळ्यांमध्ये आणि नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्याच्या जुन्या शेडमध्ये मेन पॅनेलचे जोड वर्षानुवर्षं कुणी आवळलेले नसतात. थ्री-फेज सप्लायचा न्यूट्रल निसटला, की ज्या फेजवर लोड कमी त्यावरचं व्होल्टेज ३००-३५०च्या पुढेही जातं, आणि नेमका तो फेज यूपीएसच्या नशिबी आला तर इनपुट जळतं. तुमची इमारत नवी असली तरी जोड आवळून घ्या आणि ओव्हर-व्होल्टेज कटऑफ बसवा. खर्च किरकोळ आहे.

आरसीसीबीचं, म्हणजे अर्थकडे गळती वाढली की वीज तोडणाऱ्या स्विचचं, आता लक्षात येईल. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी १५च्या वर कधीही पडू शकतो. अख्खा रॅक एकावर टाकला तर तो नुसत्या नैसर्गिक गळतीनं पडणार, आणि मग वायरमन वैतागून तो बायपास करणार. बायपास कधीच करू द्यायचा नाही. सर्किट विभागा, प्रत्येकावर मोजके पॉवर सप्लाय घ्या. झाडू-पोछ्याच्या माणसासाठी असलेला भिंतीवरचा सॉकेट पूर्ण वेगळा ठेवून त्यावर ३०चाच आरसीसीबी ठेवा. रॅकच्या मुख्य फीडला काय लावायचं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराला ठरवू द्या आणि त्याची सही घ्या. हे काम परवान्याशिवाय करणं नियमातही बसत नाही.

दुहेरी पॉवर सप्लायबद्दल दोन गोष्टी. पहिली, दोन्ही कॉर्ड सॉकेटच्या दोन वेगळ्या पट्ट्यांवर, शक्यतो दोन वेगळ्या स्रोतांवर जातात, आणि एक बाजू बंद पडली की दुसरीवर सगळा भार येतो. त्यामुळे दोन्ही बाजू साठ-सत्तर टक्क्यांनी भरलेल्या असतील तर एक गेल्यावर दुसरीही जाते. प्रत्येक बाजू चाळीस टक्क्यांच्या आत ठेवा. दुसरी, जी जिवाशी येते: एक कॉर्ड काढली म्हणजे उपकरण बंद झालं असं नाही. उघडण्याआधी सगळ्या कॉर्ड काढायच्या. आणि दोन पट्ट्या दोन वेगळ्या फेजवर असतील तर त्या रॅकमध्ये ४१५ व्होल्ट आहेत, हे रॅकच्या मागच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. इंग्रजी स्टिकर असतोच, पण आत हात घालणारा माणूस तो वाचेलच असं नाही.

आता वजन. ४२ यूचा रिकामा रॅक साधारण १००-१५० किलोचा, तुमच्या सामानासह ३०० ते ३५०पर्यंत जाईल. रॅकचा पाया ६०० बाय १००० मिमी, म्हणजे ०.६ चौरस मीटर. भागाकार केला तर चौरस मीटरला साडेपाचशे किलो होतात. ऑफिसचे स्लॅब आयएस ८७५ नुसार साधारण अडीचशे ते चारशे किलो प्रति चौरस मीटर धरून डिझाइन केलेले असतात. घाबरू नका. ते वजन पूर्ण मजल्यावर पसरलेलं धरलेलं असतं आणि रॅकभोवती मोकळी जागा असते, म्हणून एक रॅक बहुतेक ठिकाणी बसतो. खरी अडचण बॅटऱ्यांची. ६ केव्हीएला १६ बॅटऱ्या, ६५ एएचच्या (अँपियर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) घेतल्या तर एकेक वीस किलोच्या आसपास. म्हणजे सव्वातीनशे किलो, तेही लोखंडी स्टँडवर, रॅकहून कमी जागेत. इंटिरिअरवाला हा स्टँड रॅकला चिकटून ठेवणार, कारण केबल वाचते. स्लॅबच्या मधोमध असं साडेसहाशे किलो एकत्र ठेवण्याआधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवा. तो बहुधा सांगेल की रॅक एका बीमजवळ, बॅटऱ्या दुसऱ्या, कॉलमच्या बाजूला. केबलचे चार मीटर जास्त लागले तरी चालतील.

रॅक जमिनीला फास्टनरनं धरायचा असतो. ठाणे-नवी मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरली जाते आणि २०१८पासून डहाणू-तलासरी भागात जाणवणारे धक्के आठवत असतील, तर या धरण्याला नुसती औपचारिकता म्हणून बघू नका. पण भोक पाडण्याआधी एक चौकशी कराच. नव्या व्यावसायिक इमारतींत स्लॅब पोस्ट-टेन्शन असू शकतो. म्हणजे काँक्रीटच्या पोटात प्रचंड ताणलेल्या पोलादी तारा असतात. ड्रिल त्यावर गेलं तर स्लॅब कमकुवत होतो आणि तार सुटली तर ड्रिल धरणारा माणूस जखमी होतो. इमारतीच्या देखभाल विभागाकडून ‘इथे इतक्या खोलीपर्यंत ड्रिल चालेल’ असं लेखी घ्या. गरज पडली तर स्कॅन करून घ्या.

भिंतीवर लावायचा छोटा ९ किंवा १२ यूचा रॅक ऑफिसच्या दुसऱ्या टोकाला बसवणार असाल तर भिंत ठोकून बघा. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र) ब्लॉकमध्ये साधा फास्टनर आज घट्ट वाटतो आणि काही महिन्यांनी सुटतो. तिथे केमिकल अँकर किंवा आरपार बोल्ट आणि मागून प्लेट. जिप्समच्या पार्टिशनवर रॅक लावूच नका.

शनिवारी माल वर कसा येणार, हे कुणी पाहिलंय का? उभा रॅक दोन मीटरचा, पॅकिंगसह आणखी उंच. पॅसेंजर लिफ्टचा दरवाजा बऱ्याच इमारतींत जेमतेम दोन मीटर असतो. खोलीचं दार सात फुटी असेल, त्यातून चौकट वजा करा. टेप घेऊन गेटपासून खोलीपर्यंत चाला: टेम्पो कुठे लागणार, पायऱ्या किती, सर्व्हिस लिफ्टची वजनाची मर्यादा किती, कॉरिडॉरचं वळण केवढं, वाटेत काचेचं दार आहे का. मध्ये कुठे अडकत असेल तर पुरवठादाराला आत्ताच सांगा की रॅक सुट्या भागांत पाठवा, आम्ही खोलीत जोडू. भरलेला रॅक आडवा करून जिन्यानं चढवण्याचा विचारही नको. उतरवणाऱ्या माथाडी कामगारांना आधी सांगा की खोक्याचं वजन कुठल्या बाजूला आहे. सर्व्हरचं वजन सारखं वाटलेलं नसतं आणि त्यांना ते बाहेरून कळायला मार्ग नसतो. बोटं तिथेच चिरडतात.

पाण्याचा मुद्दा नवी मुंबईत वेगळा समजवायला लागू नये. सिडकोनं इथे होल्डिंग पाँड बांधले तेच मुळी बरीचशी जमीन भरतीच्या पातळीखाली आहे म्हणून. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, तेव्हा तळमजल्यावरच्या पॅनेलचं काय होतं ते या पट्ट्यानं पाहिलंय. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, पण इमारतीचं मेन पॅनेल आणि जनरेटरचा चेंजओव्हर कुठे आहे? बेसमेंटमध्ये असेल तर तुमचा रॅक कोरडा राहूनही बंद पडेल. निदान यूपीएसचा बॅकअप किती आणि कोण येऊन काय बंद करणार, हे ठरवून ठेवा.

खोलीच्या आतलं पाणी मात्र वरून येतं. फॉल्स सीलिंगची एक टाइल काढा, टॉर्च मारा. वरच्या मजल्यावरचं टॉयलेट किंवा पँट्री नेमकी या खोलीवर आहे का? स्प्रिंकलरची लाइन आहे का? आणि एसीचा ड्रेन पाइप कुठून जातोय? पावसाळ्यात स्प्लिट एसी दिवसाला बादल्या भरून पाणी काढतो. बारीक पाइपमध्ये शेवाळ साचलं की तेच पाणी इनडोअर युनिटच्या पुढच्या बाजूनं टपकतं. म्हणून एसी रॅकच्या डोक्यावर कधीच नको. बाजूच्या भिंतीवर घ्या, ड्रेनला सलग उतार द्या आणि त्यात बादलीभर पाणी ओतून पाहा की ते बाहेर पोचतं का. रॅक चार इंची चॅनलच्या स्टँडवर उभा करा, म्हणजे जमिनीवर पाणी आलं तरी वेळ मिळतो. खिडकी नैर्ऋत्येला असेल तर ती कायमची बंद करून सील करा. जुलैतला वाऱ्याचा पाऊस रबर पट्टीला जुमानत नाही.

थंडाव्याचं गणित छोटं आहे. तुमचं सामान ३ किलोवॅट खाईल असं धरू. खाल्लेली सगळी वीज उष्णता होते. १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, त्यामुळे कागदावर एक टन पुरतो. पण यूपीएसची उष्णता, भिंतींची उष्णता आणि दमट हवेतलं पाणी काढण्यात जाणारी ताकद धरली तर दीड टन लागतो. दीड टनाचे दोन घ्या, आलटून पालटून चालवा. एकानं काम भागलं पाहिजे, कारण घरगुती बनावटीचा एसी अहोरात्र चालण्यासाठी केलेला नसतो. विकत घेताना एकच गोष्ट खात्री करून घ्या: वीज जाऊन आली की तो आपोआप सुरू होतो का. नाही झाला, तर रविवारी पहाटे वीज जाऊन येईल, यूपीएसमुळे रॅक चालूच राहील, एसी बंद राहील आणि सोमवारपर्यंत खोली भट्टी झालेली असेल. उपकरणात शिरणारी हवा १८ ते २७ अंशांमध्ये ठेवा. खोलीचं तापमान भिंतीवर मोजलेलं उपयोगाचं नाही, रॅकच्या पुढच्या दाराजवळ, वरच्या एक-तृतीयांश भागात मोजा.

हवा पुढून मागे जाते की उलटी, हे प्रत्येक स्विचच्या मॉडेलवर असतं. एक स्विच उलटा बसला तर तो शेजाऱ्याची गरम हवा आत ओढतो. मोकळ्या यू जागांवर पत्र्याच्या पट्ट्या लावा. रॅकपुढे किमान एक मीटर मोकळं, नाहीतर सर्व्हर रुळांवर बाहेर ओढताच येत नाही. मागे माणूस बसून काम करू शकेल एवढं, निदान अडीच-तीन फूट. दहा बाय आठच्या खोलीत हे बसतं, पण फक्त बॅटऱ्या बाहेर नेल्या तरच.

ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी आणखी एक इशारा. रासायनिक कारखाने आणि खाडी दोन्हींमुळे इथल्या हवेत गंधकयुक्त वायू असतात. ते तांबं आणि चांदीला काळं करतात आणि सर्किट बोर्ड हळूहळू मरतात. म्हणून ‘हवा खेळती राहावी’ म्हणून सर्व्हर रूमला एक्झॉस्ट फॅन बसवू नका. बंद खोली, दाराला ब्रश, केबलची भोकं अग्निरोधक पुट्टीनं बुजवलेली. ही पुट्टी आग आणि धूर दोन्हींसाठी लागतेच.

बॅटऱ्या वेगळ्या, हवेशीर जागेत. सीलबंद बॅटरीही जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन सोडते. शिवाय २५ अंशांवर तिचं आयुष्य जेवढं, त्यापेक्षा १० अंश जास्त ठेवलं तर ते साधारण निम्मं होतं. १६ बॅटऱ्या ओळीत म्हणजे १९२ व्होल्ट डीसी, आणि ही वीज मेन बंद करून जात नाही. जोडणाऱ्यानं अंगठी, घड्याळ, कडं काढलेलं असावं, पान्याला इन्सुलेशन असावं आणि बॅटऱ्यांच्या ओळीत डीसीसाठीचाच एमसीबी (आपोआप पडणारा ब्रेकर) असावा. साधा एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी तोडेलच असं नाही.

आगीसाठी दाराबाहेर कार्बन डायऑक्साइडचा किंवा क्लीन एजंटचा (मागे अवशेष न सोडणाऱ्या वायूचा) सिलिंडर. पावडरचा नको, पावडर आग विझवते आणि वाचलेली उपकरणं नंतर गंजवते. इमारतीचा फॉर्म बी (अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) दर जानेवारी-जुलैला भरला जातो का, हे सोसायटीच्या ऑफिसात विचारा. त्यांची यंत्रणा चालू नसेल तर तुमचा एक सिलिंडर काय करणार?

खोली पूर्ण तयार होईपर्यंत खोकी उघडू नका. पीओपी घासणं, ग्रॅनाइट कापणं, भोकं पाडणं सगळं संपलेलं असलं पाहिजे. ती बारीक धूळ पंख्यातून आत गेली की कायमची.

भरताना खालून वर, जड वस्तू तळाला. त्याआधी रॅकचे पाय टेकवून लेव्हल करा, चाकांवर उभा ठेवून भरू नका, आणि पुढचे आडवे आधार बाहेर काढा. एका वेळी एकच सर्व्हर रुळांवर बाहेर ओढायचा. दोन ओढले की भरलेला रॅकसुद्धा पुढे झुकतो. साधारण १८ किलोच्या वर दोन माणसं. स्विच उचलताना पॉवर सप्लाय किंवा पंख्याच्या हँडलला धरू नका. ती हँडलं तो भाग ओढून काढण्यासाठी असतात, वजन पेलण्यासाठी नाहीत, भाग हातात येतो आणि स्विच पायावर. लांब उपकरण फक्त पुढच्या दोन कानांवर टांगू नका. मागचे आधार किंवा रेल बसवाच, मग केज नटला (रॅकच्या चौकोनी भोकात बसणाऱ्या नटला) चार स्क्रू. फायबरचं टोक चालू आहे की नाही हे डोळा लावून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो.

पहिल्यांदा चालू करताना एकेक उपकरण, मधे दोन-तीन मिनिटं. सगळं स्थिर झालं की अर्थ वायरीवर पुन्हा क्लॅम्प मीटर. मग एक बाजूची पट्टी बंद करा, काही पडतं का पाहा, ती चालू करून दुसरी बंद करा. मग मेन बंद करून पुन्हा चालू करा आणि एसी स्वतः उठतो का बघा. हे सगळं पहिल्या दिवशी, कुणाचंही काम नेटवर्कवर नसताना करा. आठवड्यानंतर डीबी आणि यूपीएसचे सगळे टर्मिनल पुन्हा आवळून घ्या, तांबं दाबलं गेलेलं असतं. थर्मल कॅमेरा मिळाला तर लोडखाली एक फोटो काढून घ्या, सैल जोड लगेच तापलेला दिसतो. सगळी रीडिंग तारखेसह एका कागदावर लिहून डीबीच्या दारामागे चिकटवा, आणि पुढच्या मे महिन्यात खड्डे पुन्हा मोजून त्याच कागदावर खाली नवी ओळ लिहा.